नारंगी कोठीचं बोलावणं

माझं नाव कचरू. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मी झालो तेव्हा आत्यानं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. यमाला वाटावं, हा नुसता कचरा आहे, कशाला न्यायचा. यमानं ऐकलं. बाकीच्या लोकांनीही ऐकलं, आणि तेव्हापास्नं आजवर मला कुणी काही विशेष समजलं नाय. मी मात्र स्वतःला कायम काहीतरी समजत आलोय. हा माझा जुना आजार आहे आणि त्यावर दवा नाय.

हर्सूल तलावाच्या अंगाला नारंगी कोठी आहे, तिथं मी माळी. निजामाच्या काळातल्या एका जहागीरदार घराण्याची ही कोठी. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे रावसाहेब म्हणायचे. शेवटचे रावसाहेब वारले, त्यांची पोरं हैदराबादेला गेली आणि कोठीचं म्युझियम झालं. आता खाली तलवारी, वर पैठण्या, मधल्या दरबारात त्या शेवटच्या रावसाहेबांची मोठी तसबीर आणि भोवती बाग. संत्र्यांच्या रांगा, चार म्हाताऱ्या चिंचा, शेवंतीचे वाफे, एक कोरडं कारंजं. रविवारी शहरातली माणसं येतात, तलवारीपुढं सेल्फी काढतात आणि कारंज्याच्या काठावर बसून भेळ खातात. भेळीचे कागद मी उचलतो. नावाला जागतो म्हणा.

माझ्या आधी इथं माळी होते माझे वडील, फकिरा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मिसरूड फुटायच्या आधी पैठणकडच्या गावातनं ते कोठीवर आले ते इथलेच होऊन गेले. आता ऐंशी उलटली. विहिरीजवळच्या खोलीत ते, मी आणि माझी बायको मंजुषा राहतो. आबांचं काम कधीच सुटलं, पण सवय सुटली नाय. सकाळी उठून संत्र्याखाली बसायचं आणि माझ्या कामात खोड्या काढायच्या. मधनं मधनं छातीत दुखतं. डॉक्टर म्हणाला, जपा, पिकलं पान आहे.

आणि या माणसानं उभ्या जन्मात कोठी आतनं बघितली नव्हती. खरं सांगतो. रोज पहाटे फुलांची पाटी भरायची, मागल्या दाराशी उभं राहायचं, आतनं कुणाचा तरी हात यायचा आणि पाटी आत जायची. ती फुलं पुढं कुठं जातात, कुणापुढं ठेवतात, हे आबांना कळलं नाय. एका दिवाळीला रावसाहेब बागेत फिरत आले, शेवंती बघून खूश झाले आणि म्हणाले, "फकिरा, तुझी फुलं दरबारात कशी दिसतात ते दाखवायचंय तुला एकदा. बोलावीन." झालं. आबा बोलावण्याची वाट बघायला लागले. रावसाहेब विसरले, मग आजारी पडले, मग गेलेच. आबांची वाट बघणं काही गेलं नाय.

म्युझियम झालं तेव्हा मी म्हणालो, "आबा, आता कुणीबी आत जातं. चला, मी तिकीट काढतो."

"तिकीट काढून परकी माणसं जात्यात," आबा म्हणाले. "आपण काय परके हाव का?"

"मग बिनतिकिटाचे चला. गेटवर मी सांगतो."

"बोलावल्याबिगर? मालकाच्या घरात?"

आता या माणसापुढं डोकं कुठं आपटावं? परके नाहीत म्हणून तिकीट नको, आणि पाहुणे नाहीत म्हणून दार नको. मी वैतागून म्हणालो, मालक काय वरनं बोलवायला येणार आहेत का? तर म्हणाले, मग मीच वर जाऊन विचारीन. म्हाताऱ्यानं डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्या पुढच्या दरवाजातनं आत जावं, एवढंच माझ्या मनात होतं. पण त्यांच्या हट्टापुढं माझं काही चालत नव्हतं.

हा झाला बाप. आता पोराचं येडपटपण ऐका.

नोव्हेंबरात कोठीवर वारसा सप्ताह असतो. म्युझियमचा कारभार चारुता मॅडमकडं आहे. शहरातल्या, शिकलेल्या, बोलायला गोड आणि काम करून घ्यायला त्याहून गोड. यंदा त्यांनी ठरवलं, पाहुण्यांचं स्वागत खुद्द रावसाहेब करतील. म्हणजे नाटकातला एखादा माणूस अंगरखा-पगडी घालून पायऱ्यांवर उभा राहील आणि म्हणेल, या, आपलंच घर आहे. नट ठरला, त्याच्या मापाचा अंगरखा शिवला, आणि आदल्या दिवशी नटाला डेंग्यू झाला. मॅडम फोन कानाला लावून बागेत येरझाऱ्या घालत होत्या. मी शेवंतीला पाणी देत होतो. चालता चालता त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, पाइपानं साडी भिजवली की काय.

"कचरूभाऊ, जरा चिंचेकडं तोंड करा."

मी केलं.

"अहो, तुमचं नाक अगदी रावसाहेबांसारखं आहे."

या नाकानं मला जन्मभर छळलंय. मधी उंचवटा, पुढं बाक. शाळेत पोरं मला राघू म्हणायची. मंजुषा म्हणते, लग्नाच्या फोटोत आधी तुमचं नाक आलं, मग तुम्ही आलात. आणि तेच नाक निघालं खानदानी. मी हातपाय धुऊन दरबारात जाऊन तसबिरीपुढं उभा राहिलो. बघतो तर खरंच. मग काय, डोक्यात भलतेच वारे शिरले. घरी येऊन मंजुषाला म्हणालो, "काय सांगावं, आपल्या रक्तात कुठंतरी जहागीरदारी असेलबी." ती म्हणाली, "मेलेल्या सासूबाईंच्या नावाला बट्टा लावाल तर लाटणं घालीन त्याच नाकावर." तेवढ्यावर जहागीरदारी संपली.

पण रोग काही तिथं थांबला नाय. तसबिरीत रावसाहेबांना मिशी नव्हती. गोऱ्या साहेबासारखा सफाचट ओठ. मला मिशी होती, चांगली झुपकेदार. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या हो मिशी, कोण एवढं बघतंय." हे नीट ध्यानात ठेवा, मला मिशी काढ असं कुणी सांगितलं नव्हतं. पण मी आता माळी कुठं राहिलो होतो? मी कलाकार झालो होतो.

आमच्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेला की मगच काढायची आणि तेराव्याला सोयऱ्यांनी थोरल्या पोराला पागोटं बांधायचं, असा दस्तूर. आताची पोरं गुळगुळीत तोंडानं हिंडतात, त्यांना कुणी विचारत नाय. पण माझ्या वयाच्या बाप्याच्या तोंडावरनं मिशी गेली की लोक एकच अर्थ काढतात. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण नाक वर झालं की माणसाला नाकाखालचं दिसत नाय.

संध्याकाळी मी पुंडलिकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. पुंडलिक आमच्याच गावचा, हर्सूलला त्याचं केशकर्तनालय आहे. म्हणालो, "मिशी काढ."

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गाणं लावलेला मोबाइल बंद केला. हळूच म्हणाला, "डोकंबी करायचं ना?"

"डोकं कशाला? डोक्यावर पगडी बांधायचीय उद्या."

"लगेच उद्याच?"

"चार वाजता. तूबी ये."

"शहरात सगळंच झटपट झालंय," असं म्हणून त्यानं मोठा उसासा टाकला आणि कामाला लागला. मी पैसे द्यायला लागलो तर माझा हात धरला. "असल्या वेळी मी घेत नाय, कचरू. लई मोठा माणूस होता." मी मनात म्हणालो, बघा, अजून पगडी चढली नाय तर लोक रावसाहेबांच्या नावानं मान द्यायला लागले. अशी अक्कल घेऊन मी घरी आलो. आबा जेवून निजले होते. मंजुषानं दिव्यात माझं तोंड बघितलं, कपाळाला हात लावला आणि ताट वाढलं.

पुंडलिकानं रात्रीच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आबांचा फोटो टाकला होता. हार घातलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली जोडलेल्या हातांची ही मोठी रांग. मी तो ग्रुप बघत नाय, कारण त्यात मला कुणी विचारत नाय. आणि फोन तरी कोण करणार? दुखाच्या घरी फोन लावून खरंच गेले का, असं कुणी विचारतं का? माणसं सरळ निघून येतात.

तशी ती सकाळी आली. जीप गेटवर थांबली आणि आवडाबाई आत्यानं उतरल्या उतरल्या हंबरडा फोडला. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, मला उकिरड्यावर ठेवणारी तीच. तिच्या मागं गावातली जीपभर माणसं, सगळी माना खाली घालून. गेटवरचा गडी नवा होता. तो म्हणाला, "मावशी, तिकीट."

आत्यानं रडं थांबवलं. "माझ्या भावाच्या मयतीला तिकीट लावता व्हय रं?" असं विचारून तिनं रडं पुन्हा सुरू केलं आणि आत शिरली.

भाऊ त्या वेळी संत्र्याखाली बसून चहा पीत होता. बहिणीचा आवाज ओळखून आबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "आवडे, कोण गेलं गं?"

आत्या जागच्या जागी थांबली. "तूच की रं, दादा."

"मी? मला कुणी सांगितलं नाय."

मग आत्या त्यांच्या गळ्यात पडून जे रडली ते मघाच्यापेक्षा कितीतरी जास्त. कुणीतरी मोबाइल काढून दाखवला. आबांनी स्वतःचा हार घातलेला फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, फोटो बरा आलाय. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी वाफ्याच्या पलीकडं तोंडाला गमछा बांधून उभा होतो. आत्या आली आणि तिनं गमछा ओढला.

आबा माझ्या ओठाकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आता मी मेल्यावर काय काढशील? तोंडावर दुसरं काय ठेवलंयस?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. उपरणं डोक्यावर ओढलं आणि माझ्याकडं पाठ केली. मी नाक सांगितलं, तसबीर सांगितली, डेंग्यू सांगितला. भिंतीला सांगितल्यासारखं झालं. मी पाणी नेलं तर घेतलं नाय, तोच तांब्या मंजुषानं नेला तर घेतला. मला लई वाईट वाटलं. छातीचं दुखणं घेऊन बसलेला माणूस. अबोला मिटायच्या आत काही बरंवाईट झालं तर माझ्यावर रुसूनच जाणार, आणि लोकाचाराला काढायला मिशीसुद्धा मी शिल्लक ठेवली नव्हती.

दुखाच्या घरी चूल पेटत नाय म्हणून आत्यानं पिठलं-भाकरीचं गाठोडं बांधून आणलं होतं. ते चिंचेखाली सोडलं. आबांनी स्वतःच्या दुखाची भाकरी मागून मागून खाल्ली आणि वर म्हणाले, "आवडे, लसूण कमी पडला." जेवण झाल्यावर मंडळींनी विचार केला, जीप करून आलोच आहोत आणि मयत तर काही झालेली नाय, तर कोठी बघू आणि कचरूचं सोंगही बघू. म्हणजे माझी फजिती बघायला माझं सगळं गाव हजर.

चार वाजता मी पायऱ्यांवर उभा राहिलो. अंगरखा त्या डेंग्यूवाल्या नटाच्या मापाचा, तो माझ्या पोटावर कसला बसतोय? मॅडमनी मागनं उसवून पिना लावल्या आणि म्हणाल्या, "कचरूभाऊ, काही झालं तरी पाठ दाखवू नका." मोजड्या चावत होत्या. डोक्यावर पगडी, गळ्यात खोट्या मोत्यांची माळ. शहरातली माणसं आली, कॉलेजातल्या पोरी आल्या, फोटो काढून गेल्या. मी प्रत्येकाला म्हणत होतो, "या, आपलंच घर आहे." पुंडलिकही आला. पांढरे कपडे घालून, हातात माझ्यासाठी टॉवेल-टोपी घेऊन. मी बोलावलं होतं ना त्याला. त्याला दिवसभरात कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि खाली आबांना बसलेलं बघून त्याला घेरीच यायची बाकी होती. मग आत्या चढून आली. मी हात जोडून म्हणालो, "या आत्यासाहेब, आपलंच घर आहे."

"मुडद्या, आधी मिशी उगव," असं म्हणून ती आत गेली.

सगळे आत गेले. पायऱ्या मोकळ्या झाल्या. खाली शेवंतीच्या वाफ्याशी एकटे आबा तेवढे उरले, माझ्याकडं पाठ करून. आतनं आत्याचा आवाज येत होता, अगं बाई, केवढा आरसा. आबांना तो ऐकू येत असणार. त्यांची मान जराशी वळली आणि पुन्हा सरळ झाली.

मला वाटलं, आज नाय तर कधीच नाय. बोलावणं पाहिजे ना म्हाताऱ्याला? मालकाचं? आज पगडी मालकाची आहे, पायऱ्या मालकाच्या, नाकही मॅडमच्या हिशोबानं मालकाचंच. फक्त जीभ माझी होती आणि ती रेटत नव्हती. बापाला नावानं हाक मारायची. अरे-तुरे करायचं. सकाळी त्यांना जितेपणीच मारलं, आता हे वर. आमच्या घरात आजवर कुणी असलं केलं नसेल.

"फकिरा," मी म्हणालो.

आवाज असा काही फाटका निघाला की झाडावरचे पारवेसुद्धा उडाले नाहीत. घसा खाकरून पुन्हा म्हणालो, "फकिरा. तुझी फुलं दरबारात कशी दिसतात ते दाखवायचं राहिलंय. वर ये. मी बोलावतोय."

आबा वळले. मला वाटलं, आता चप्पल येणार. पण ते नुसते बघत राहिले. माझ्या ओठाकडं नाय, पगडीकडं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. हाताची माती झटकली. वाफ्यातली शेवंती खुडली आणि उपरण्याच्या ओच्यात घेतली. खालच्या पायरीशी चपला काढून ठेवल्या आणि एकेक पायरी चढायला लागले. मधी दम खायला थांबले तेव्हा माझ्या मनात आलं, धावत जाऊन धरावं. पण मालक धावत नसतात. धावलो असतो तर त्या माणसाचं बोलावणं तिथंच मोडलं असतं. मी तसाच उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी होतो, आणि त्या क्षणी मला ते अजिबात नको होतं.

वरच्या पायरीवर येऊन आबा माझ्यापुढं वाकले. बाप वाकलेला आणि पोरगं पगडी घालून ताठ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते म्हणाले, "लई उशीर केला, मालक."

मॅडमनी लिहून दिलेलं सगळं मी विसरलो. "चुकलं," एवढंच म्हणालो. रावसाहेबांच्या वाटचंही म्हणालो आणि माझ्या वाटचंही.

आम्ही दरबारात गेलो. तसबिरीखाली मेज आहे, त्यावर चांदीचं तबक, पुढं दोरी आणि हात लावू नये अशी पाटी. आबांनी पाटीकडं बघितलं नाय, त्यांना वाचता येत नाय. माझ्याकडं बघून विचारलं, "इथंच ठेवायची का?" चारुता मॅडम पुढं झाल्या आणि त्यांनी दोरी सोडली. आबांनी तबकात शेवंती ठेवली, मागं सरकले आणि बघत राहिले. पुंडलिक टॉवेल-टोपी छातीशी धरून उभा होता. "बरी दिसत्यात," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले, आणि डोळ्यांबरोबर ते खानदानी नाकही वाहायला लागलं. पुसायला अंगरख्याची बाही होती, ती म्युझियमच्या मालकीची.

बाहेर निघताना आबा सवयीनं मागल्या दाराकडं वळले. मी मागोमाग गेलो. उंबऱ्यावर ते थांबले, माझ्या डोक्यावरची पगडी उतरवली आणि माझ्या हातात दिली. उपरण्याच्या टोकानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, जोरात.

"कचरू," म्हणाले. सकाळपास्नं पहिल्यांदा. "मिशी ठेव आता. वाढेस्तोवर मी थांबतो."

आणि जाऊन संत्र्याखाली बसले.

या गोष्टीला बरेच महिने झाले. मिशी कधीच भरून आली असती. पण मी दर आठवड्याला पुंडलिकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि वाढलेली तेवढी कापून घेतो. तो विचारतो, आता तरी वाढू द्यायची का? मी म्हणतो, नाय, अर्धीच ठेव.